जुन्या गाडीचं स्टेअरिंग काढणं आणि सेंटर करणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, पद्मिनी, अँबेसेडर अशा गाड्या अजून हौसेने सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो, खाली "स्टेअरिंग" म्हणजे हातातलं गोल "चाक" म्हणजे टायरवालं, आणि "दाता" म्हणजे स्टेअरिंग ज्या शाफ्टवर बसतं त्यावरच्या उभ्या दात्यांपैकी एक.

गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं राहतं. काढून एक दाता फिरवून बसवलं की झालं ना?

नाही, आणि या एका प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. स्टेअरिंग वाकडं दिसणं हे लक्षण आहे, दोष बहुतेक वेळा खाली असतो, टाय रॉडमध्ये (रॅकपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारी दांडी) नाहीतर वाकलेल्या एखाद्या पार्टमध्ये. वरून फिरवून बसवलं की दिसायला सरळ होतं आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण खालचा रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावीकडे-उजवीकडे सरकणारी दात्यांची पट्टी) सेंटरला नसतोच. मग गाडी एका बाजूला जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी, यू-टर्न एकीकडे एका दमात बसतो आणि दुसरीकडे रिव्हर्स घ्यावा लागतो. त्यातही वाईट म्हणजे एका बाजूचा टाय रॉड जास्त बाहेर काढलेला राहतो, म्हणजे त्याचे आटे आत कमी धरलेले असतात. गाडीची दिशा त्या आट्यांवर असते, तिथे तडजोड अजिबात नको.

स्टेअरिंग काढून सेंटर करायची खरी वेळ एकच, ती म्हणजे आधी कोणीतरी ते चुकीच्या दात्यावर बसवलेलं असतं. कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-लाइटचा) बदलला, रॅक बदलला, कॉलम (स्टेअरिंगच्या शाफ्टची नळी) उतरवला, सेकंडहँड स्टेअरिंग टाकलं, अशा कामांनंतर हे होतं.

दोष वर आहे की खाली हे घरी कसं ओळखायचं?

यासाठी जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि कागदी चिकटपट्टी पुरते. आधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू सरळ चालवा आणि हात सैल ठेवून स्टेअरिंग किती वाकडं राहतं ते बघा, घड्याळाच्या काट्याच्या हिशोबाने लक्षात ठेवा, म्हणजे वरचा मधला भाग १२ वर आहे की १ कडे झुकलाय की ११ कडे. हा झाला पहिला आकडा.

मग घरी येऊन मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून उचला आणि गाडी घोड्यांवर टेका, नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका. चावी फिरवून स्टेअरिंग लॉक सोडवा, इंजिन बंदच राहू दे. स्टेअरिंगच्या वरच्या मधल्या जागी चिकटपट्टी लावा. आता पूर्ण डावीकडे अडेपर्यंत फिरवा, शेवटी हलक्या हाताने, आपटायचं नाही, आणि तिथून पूर्ण उजवीकडे जाईपर्यंत फेरे मोजा. समजा साडेतीन फेरे झाले तर उजव्या टोकापासून पावणेदोन फेरे परत या, तो रॅकचा खरा मध्य. तिथे पट्टी कुठे आहे ते बघा, हा दुसरा आकडा.

रॅकच्या मध्यावर स्टेअरिंग बरोब्बर सरळ आहे पण रस्त्यावर वाकडं राहतं, तर स्टेअरिंग योग्य दात्यावरच बसलंय, दोष टाय रॉडच्या लांबीत किंवा खाली कुठेतरी आहे, वरचा नट उघडूच नका. रॅकच्या मध्यावरही वाकडं आणि रस्त्यावरही त्याच बाजूला तेवढंच वाकडं, तर मात्र स्टेअरिंग चुकीचं बसलंय आणि काढावंच लागेल. तिसरा प्रकार म्हणजे रस्त्यावर एकदम सरळ पण रॅकच्या मध्यावर वाकडं, याचा अर्थ कोणीतरी आधीच एक दोष दुसऱ्या दोषाने झाकून ठेवलाय. जुनी गाडी विकत घेताना हे हमखास सापडतं आणि विकणाऱ्यालाही बहुतेक माहीत नसतं. अशात वर आणि खाली दोन्हीकडे हात घालावा लागतो.

गाडी वर आहेच तर दोन्ही टाय रॉडच्या चेक नटपासून (टाय रॉडची लांबी पक्की धरणारा नट) बाहेर दिसणारे आटेही मोजून घ्या. डावी-उजवी बाजू जवळपास सारखी असेल तर खालचं काम शाबूत आहे. एकीकडे पाच आणि दुसरीकडे बारा दिसत असतील तर उत्तर तिथेच मिळालं.

परवा खड्ड्यात गाडी आपटली आणि तेव्हापासून वाकडं झालंय.

मग स्टेअरिंगला हात लावू नका, त्याचा काही संबंध नाही. नट घट्ट असताना स्टेअरिंग आपोआप दाता सोडून सरकत नाही. टाय रॉड वाकला असेल, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) वाकला असेल, रॅकचे रबर बुश फाटून रॅक स्वतःच सरकत असेल, किंवा फूटपाथच्या कडेला घासून नकल (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) वाकलं असेल. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा कळत नाही आणि जुन्या ८०० च्या १२ इंची चाकांना तो फार लागतो. खाली उजेड पाडून दोन्ही टाय रॉड शेजारी शेजारी बघा, वाकलेला लगेच ओळखू येतो. वाकलेला टाय रॉड गरम करून, ठोकून सरळ करून देणारे लोक आहेत, तसं करून घेऊ नका. नवीन टाका, ८०० चे पार्ट अजून सहज मिळतात.

गाडी एका बाजूला ओढतेपण आणि स्टेअरिंगपण वाकडं आहे. दोन्ही एकच ना?

वेगळं आहे. हात सोडल्यावर गाडी लेन सोडून जात असेल तर ते ओढणं. गाडी आपली सरळ जातेय, फक्त स्टेअरिंग तिरकं दिसतंय, तर ते सेंटर नसणं. ओढत असेल तर आधी हवा तपासा, मग पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर टायरचाच दोष. चार-पाच किलोमीटर चालवून पुढच्या दोन्ही रिमजवळ हात न्या, एक जास्त गरम लागली तर त्या बाजूचा ब्रेक चिकटतोय. आणि आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डावीकडे किंचित झुकणं हा दोष नाही.

स्टेअरिंग काढावंच लागणार हे नक्की झालं. काय काय लागेल?

गोटी पान्यांचा सेट आणि एक्स्टेंशन (जुन्या सुझुकी गाड्यांना मधला नट बहुतेक १७ चा असतो), चांगल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, बॅटरीसाठी १० चा पाना, व्हाइटनर किंवा पांढरा पेंट खुणेसाठी, गंज सोडवायचा स्प्रे, आणि स्टेअरिंग पुलर (स्टेअरिंग शाफ्टवरून ओढून काढायचं साधन). पुलर आधीच आणून ठेवा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर टूल्सवाल्यांकडे मिळतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालतं. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) मिळाला तर फारच उत्तम.

माझ्या गाडीला एअरबॅग आहे. हेच सगळं करू का?

नको. स्टेअरिंगच्या मध्यावर एसआरएस किंवा एअरबॅग असं कोरलेलं असेल तर हे काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाकडे द्या. त्यात स्फोटक द्रव्य असतं आणि तुमचं तोंड त्याच्या समोर वीतभर अंतरावर असतं. शिवाय खाली क्लॉक स्प्रिंग असतो, म्हणजे गुंडाळलेली वायरची पट्टी, स्टेअरिंग काढल्यावर तो जरा जास्त फिरला की बसवल्यानंतर तुटतो आणि मग एअरबॅगही मेली आणि हॉर्नही. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ती नाही, पण "जुनी आहे म्हणजे नसेलच" असं धरू नका, वरच्या मॉडेलला असू शकते. इथून पुढचं सगळं एअरबॅग नसलेल्या गाडीबद्दल आहे.

काढायचं कसं, नीट सांगा.

गाडी सपाट जागी सरळ पुढे आणत आणत थांबवा म्हणजे पुढची चाकं सरळ राहतील, रिव्हर्स घेऊन लावू नका. हँडब्रेक ओढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर हॉर्नची वायर कुठेतरी टेकून सगळी सोसायटी जागी होईल. चावी मात्र अशी ठेवा की स्टेअरिंग लॉक लागणार नाही.

मग हॉर्नचं पॅड. काही मॉडेलला ते मागच्या बाजूने दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, काहींना नुसतं क्लिपवर असतं आणि दोन्ही हातांनी सारखं ओढलं की निघतं. ओढायच्या आधी स्टेअरिंगच्या मागे टॉर्च मारून स्क्रू शोधा, कारण २५-३० वर्षांचं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं आणि जोर लावला की कान तुटतात, आणि ते पॅड नवीन मिळत नाही. वायर सोडवा, ती कशी लावली होती याचा मोबाईलने फोटो काढा.

आता मधला नट दिसेल. एका हाताने स्टेअरिंग घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पाना मारा. स्टेअरिंग लॉक लावून नट सोडवू नका, ती लॉकची पिन एवढ्या जोरासाठी बनवलेली नाही, वाकली तर पुढे कधीतरी चालत्या गाडीत अडकेल. नट सैल झाला की पूर्ण काढू नका! तीन-चार आटे शिल्लक ठेवा. स्टेअरिंग एकदम सुटलं तर तो नट त्याला अडवतो, नाहीतर सरळ तोंडावर किंवा छातीवर येतं.

पुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं. शाफ्टच्या टोकावर आणि स्टेअरिंगच्या बॉसवर (शाफ्टवर बसणारा मधला जाड भाग) समोरासमोर पेंटची एक रेघ मारा. आता ते कितीही चुकीचं बसलेलं असू दे, तरीही मारा. कुठून निघालो हे माहीत असलं की किती दाते सरकवायचे ते मोजता येतं, रेघ नसेल तर नुसता अंदाज उरतो.

नट सैल झाला पण स्टेअरिंग जागचं हलतच नाही.

जुन्या गाडीत हे नॉर्मल आहे. शाफ्टवर उभे दाते असतात, त्यावर बॉस घट्ट बसतो, आणि कोकणातली किंवा मुंबईची गाडी असेल तर दमट हवेने त्यात गंज धरतो. स्प्रे मारा आणि घाई न करता अर्धा तास सोडा, जमलं तर रात्रभर. मग सीटवर नीट बसून दोन्ही हात ९ आणि ३ च्या जागी धरून एकदा डावी बाजू स्वतःकडे, एकदा उजवी बाजू स्वतःकडे असं हलवत ओढा. बऱ्याच ८०० आणि ओम्नी एवढ्यावर सुटतात.

नाही सुटलं तर पुलर. बॉसवर नटाच्या दोन बाजूंना आटे पाडलेली दोन भोकं असतात, ती त्यासाठीच आहेत. पुलरचे बोल्ट त्यात दोन्हीकडे सारखे आत जाऊ द्या, आटे नीट धरलेत याची खात्री करा, कारण दोन आट्यांवर टांगलं तर ते आटे ओढून निघतात. पण फार खोलही नको, काही गाड्यांत बोल्ट आतून पुढे जाऊन इंडिकेटरचा स्विच फोडतो. मधला स्क्रू हळूहळू आवळत जा, थांबा, परत आवळा. टक असा आवाज येतो आणि सुटतं. भोकंच नसतील तर दोन पायांचा पुलर बॉसच्या मागे अडकवा, स्टेअरिंगच्या कड्याला किंवा आऱ्यांना अडकवून ओढलंत तर ते कायमचं वाकेल.

मेकॅनिक म्हणतो हातोडीचे दोन ठोके दे, लगेच निघेल.

निघतंही, पण शाफ्टच्या टोकावर मारलेला प्रत्येक ठोका खाली जातो. टोक पसरून नटाचे आटे जातात, कॉलमचं बेअरिंग मार खातं, आणि बऱ्याच गाड्यांचा कॉलम धडकेत दबला जावा म्हणून मुद्दाम दोन भागांत, प्लास्टिकच्या पिनांनी धरलेला असतो. त्या पिना ठोक्याने तुटल्या तर कॉलम खालीवर हलायला लागतो आणि ते दुरुस्त होत नाही. त्याला स्पष्ट सांगा की माझ्या गाडीला पुलरच लाव, वेळ लागला तरी चालेल.

बसवताना सेंटर कसं करायचं?

वर सांगितलं तसं रॅक मध्यावर आणा. स्टेअरिंग पूर्ण काढलेलं असेल तर नुसतं दात्यांवर टेकवून फेरे मोजले तरी चालतं. दाते आणि बॉसची आतली बाजू वायर ब्रशने साफ करा, गंजाचा चुरा पुसा, दात्यांना ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. आता रॅक न हलवता स्टेअरिंग वर उचला, सरळ करा, आणि त्या जागी बसवा. बसवताना खालच्या इंडिकेटर कॅन्सल करणाऱ्या खुंट्या किंवा खाचा जुळल्यात ना ते बघा, न जुळता नट आवळला तर स्विच फुटतो.

नट आधी हाताने लावा. जुना नट लॉकिंगवाला असेल आणि हाताने सहज फिरत असेल तर तो संपलाय, नवा घ्या. जुन्या सुझुकी गाड्यांसाठी साधारण ३० ते ३५ न्यूटन-मीटर टॉर्क असतो, म्हणजे फार राक्षसी जोर नाही. इथे एअर गन नको. तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा अंतिम समजा.

एका दात्यावर थोडं डावीकडे, पुढच्यावर थोडं उजवीकडे. मध्ये बसतच नाही!

बसणारच नाही, दाते असतात तेवढ्याच पायऱ्या. समजा शाफ्टवर ३६ दाते आहेत तर एक दाता म्हणजे १० अंश, म्हणजे सगळ्यात जवळच्या दात्यावर बसवलं तरी ५ अंशांपर्यंत फरक राहू शकतो. एवढा उरलेला फरक टाय रॉडने काढायचा, त्यासाठीच ते ॲडजस्टेबल असतात. मोठी चूक दात्याने आणि छोटी टाय रॉडने, हा क्रम कायम.

हिशोब कळावा म्हणून, एका पूर्ण फेऱ्याला रॅक ४० मिलिमीटर सरकतो असं धरलं तर १० अंशांना साधारण १.१ मिलिमीटर. टाय रॉडच्या आट्याचा पिच १.२५ असेल तर हे जेमतेम एका फेऱ्याएवढं झालं. म्हणजे ५ अंशांसाठी अर्ध्या फेऱ्याच्या आतलंच काम.

मग टाय रॉड मीच फिरवू का?

फिरवता येतो, पण एक गोष्ट पाळा, एका बाजूचा जेवढा लांब कराल तेवढाच दुसऱ्या बाजूचा आखूड करा. एकच बाजू फिरवली तर टो (वरून बघितलं तर पुढची दोन्ही चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) बिघडतो आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये टायरच्या कडा करवतीसारख्या होतात. दोन्हीकडे पेंटची खूण करून पाव-पाव फेरा द्या, चेक नट आवळा, चालवून बघा. रबर बूट टाय रॉडबरोबर पिळला जात असेल तर आधी त्याची क्लिप सोडवा, पिळलेला बूट फाटतो, मग रॅकमध्ये चिखल जातो.

आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्याच. तिथे काम चालू असताना जवळ उभे राहा. गाडी मशीनवर घेतली की आधी स्टेअरिंग सरळ करून लॉकरने (स्टेअरिंग हलू न देणारा दांडा) धरायचं आणि मग टो करायचा, हा बरोबर क्रम. अलाइनमेंटवाल्याने लॉकर न लावता नुसता एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून "टो बरोबर आला" म्हटलं, तर स्क्रीनवर हिरवं दिसेल आणि रस्त्यावर स्टेअरिंग परत वाकडं.

पद्मिनी आणि अँबेसेडरला पण हेच लागू आहे का?

अँबेसेडरला बऱ्यापैकी हो, तिच्यात रॅकच आहे. पद्मिनीचं मात्र वेगळं, तिच्यात रॅकऐवजी वर्मवाला (स्क्रूसारख्या गिअरचा) स्टेअरिंग बॉक्स आहे. अशा बॉक्समध्ये मुद्दाम मध्यावर प्ले (स्टेअरिंगची मोकळी हालचाल) सगळ्यात कमी ठेवलेला असतो आणि दोन्ही टोकांकडे तो वाढतो. म्हणून गाडी सरळ जात असताना बॉक्स बरोबर मध्यावर असायला हवा. तो सरकलेला असेल तर सरळ रस्त्यावरच स्टेअरिंग सैल लागतं, मग कोणीतरी बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळतो, आणि खऱ्या मध्यावर येताना स्टेअरिंग अडकायला लागतं. आधी बॉक्स सेंटर करा, मग साइड रॉडने चाकं सरळ करा, आणि प्ले त्यानंतर बघा. आयडलर आर्मचे (बॉक्सच्या समोरच्या बाजूला रॉड धरणारा हात) बुशही तपासा.

या दोन्ही गाड्यांना मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की मागचा ॲक्सल त्या बाजूला पुढे-मागे सरकतो, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सरळ जाण्यासाठी स्टेअरिंग तिरकं धरावं लागतं. पुढे सगळं अलाइन करूनही फरक पडत नसेल तर टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या, त्या बॉक्सवर रोज काम करणारे हातही आता कमी होत चाललेत, तेव्हा असा जुना मिस्त्री सापडला तर त्याच्या शेजारी बसून शिकून घ्या.

बसवल्यावर हॉर्न वाजत नाही. किंवा वळवताना आपोआप वाजतो.

वाजत नसेल तर स्टेअरिंगखालच्या पितळी रिंगवर टेकणारी पत्ती वाकलीय किंवा रिंग काळी पडलीय. बारीक पॉलिश पेपरने घासा, ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. आपोआप वाजत असेल तर वायर कुठेतरी बॉसला टेकतेय.

इंडिकेटर डावीकडचा बंद होतो, उजवीकडचा होत नाही.

बहुतेक जुन्या गाड्यांत कॅन्सल करणारी खुंटी स्टेअरिंगबरोबर फिरते, त्यामुळे स्टेअरिंग वाकडं बसलं की एका बाजूला लवकर बंद होतो आणि दुसऱ्या बाजूला होतच नाही. नीट सेंटर झालं की हे आपोआप जातं. तरीही राहिलं तर स्विचच्या आतलं प्लास्टिक झिजलंय.

छोटं स्पोर्टी स्टेअरिंग टाकू का?

८०० ला पॉवर स्टेअरिंग नाही. व्यास कमी झाला की जोर जास्त लागतो, पार्किंगला हात भरून येतात. टाकायचंच असेल तर तुमच्याच मॉडेलच्या दात्यांचा बॉस किट घ्या, ठोकून बसवलेला नाही. ओरिजनल स्टेअरिंग नट-स्क्रूसकट गुंडाळून घरात ठेवा, भंगारात देऊ नका.

सगळं झाल्यावर ट्रायल कशी घ्यायची?

उभ्या गाडीत आधी स्टेअरिंग स्वतःकडे ओढा, ढकला, वरखाली हलवा, कुठेही खटखट नको. मग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. चाकं सरळ ठेवून प्ले बघा, जुन्या सुझुकीत कड्यावर ३० मिलिमीटरपर्यंत चालतो. मग रिकाम्या रस्त्यावर २०-३० च्या स्पीडने सरळ, डावा यू-टर्न, उजवा यू-टर्न, दोन्हीला जागा सारखीच लागली पाहिजे. वळून आल्यावर स्टेअरिंग त्याच जागी परत येतंय का बघा. १०० किलोमीटर झाल्यावर पॅड उघडून नट एकदा पुन्हा तपासा, टाय रॉडचे चेक नटही, आणि त्या वेळी नटावर पेंटची रेघ मारून ठेवा म्हणजे पुढे कधी सरकला तर नुसतं बघून कळेल.